नबीचाचांनी उतरवलेल्या तारा

"सगळ्या तारा उतरवल्यात बघ, बेटी. सांगितल्याबरहुकूम. आता मुंबईपर्यंत बिनघोर ने," नबीचाचा म्हणाले आणि त्यांनी हार्पवरची चादर बाजूला केली.

एरवी नुसतं बोट लागलं तरी खणखणीत बोलणाऱ्या त्या सत्तेचाळीस तारा आज सगळ्या गळ्यात गळा घालून लोंबत होत्या.

"अहो चाचा, हे काय..." मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने माझं मनगट धरलं. असं धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

"छान काम झालंय, चाचा," ती म्हणाली. "तडा कुठं होता तेसुद्धा कळत नाही."

"कळंल कसं? सागवानाची खपली बसवलीय आतनं." चाचांनी खालच्या पेटीवरून तळहात फिरवला. "लाकूड माणसासारखं असतंय बघ. ताण काढला की सुखावतंय. आमचा तंबोरा बघ की. गाणं झालं, तारा उतरवल्या, गवसणीत घातला. मग शंभर वर्षं बघायला नको."

भोवती भिंतीला भोपळे टांगलेले होते, खाली लाकडाचा भुसा, लाखेचा वास. चाचांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मला त्यांच्याकडे बघवेना. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला हा म्हातारा आयुष्यभर तंबोरे आणि सतारी करत आला होता. आमच्या वडिलांचा दोस्त. ताईला लहानपणापासून "बेटी" म्हणायचा आणि मलाही, पण ताईला जरा जास्तच.

ताई म्हणजे दोर्कस लोंढे, माझी थोरली बहीण. मी मार्था, मिरजेच्याच मिशन दवाखान्यात नर्स होते. आज मी रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, पण तो आठवडा अजून माझ्या उरावर बसलेला आहे.

हार्प आमच्या घरात आली ती एका मिशनरी मॅडममुळे. दवाखान्यात डॉक्टर होत्या. ताईचे हात बघून त्यांनी तिला शिकवायला घेतलं आणि मायदेशी जाताना माणसापेक्षा उंच ते धूड तिलाच देऊन टाकलं. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते ठेवल्यावर वडील कॉट अंगणात घेऊन गेले. मॅडमने जाताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती: तारा कधी सैल सोडायच्या नाहीत. हार्प ताणावरच जगते. एकदा सगळा ताण काढला तर तारा पुन्हा चढवता येतात, पण त्या सुरात ठरायला आठवडेच्या आठवडे जातात. रोज चढवायच्या, रोज त्या उतरतात. आतड्याची तात ती, लोखंडाची तार नव्हे. हे मला, जिला सुरातलं ओ की ठो कळत नाही तिलाही, पाठ झालेलं होतं.

आणि आता शनिवारी मुंबईत ताईचं रेकॉर्डिंग होतं. तो बुधवार होता.

टेंपोत हार्पच्या शेजारी बसल्याबसल्या मी फुटलेच. "माझ्यादेखत सांगितलं होतंस तू त्यांना! हार्प दुरुस्तीला टाकायला गेलो तेव्हा. तारांना हात लावू नका म्हणून. म्हातारा साफ विसरला!"

"असेल विसरला."

"असेल? आणि तू वर शाबासकी देऊन आलीस?"

"बोलून काय तारा चढणार आहेत?" ती म्हणाली आणि टेंपोतून बाहेर बघत राहिली.

तिच्या जागी मी असते तर रस्त्यावर बसून हंबरडा फोडला असता. कारण त्या शनिवारसाठी तिने काय काय सोसलं होतं ते मला ठाऊक होतं.

ती विशीत मुंबईला गेली. सिनेमाच्या वाद्यवृंदात तिला लगेच काम मिळालं, पण काम कसलं, तर हिरॉइनला स्वप्न पडलं की वरपासून खालपर्यंत तारांवरून एकदा बोटं फिरवायची. झुर्रर्र. झालं काम. दिवसभर स्टुडिओत बसायचं ते त्या एका झुर्ररसाठी. वादक मंडळी तिला "स्वप्नवाली" म्हणायची. मी तिला चिडवायची, "लोकांना झोप लागली की तुझं पोट भरतं." ती हसायची, पण मनापासून नाही.

मनापासून ती हसायची ते लॉरी मास्तरांबरोबर वाजवताना. लॉरी मास्तर म्हणजे माहीमचे लॉरेन्स परेरा, पियानोवाले. त्यांनी तिला जॅझचं वेड लावलं. मी एकदा तिला विचारलं होतं, जॅझ म्हणजे नक्की काय गं. ती म्हणाली, धून सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यावरून कसं चालायचं ते ज्याचं त्यानं वाजवतावाजवता ठरवायचं. नबीचाचा तिथे बसले होते. ते म्हणाले, "हां हां, म्हणजे उपज." त्यांना ते माझ्या आधी समजलं.

हार्पवर हे करणं म्हणजे खायचं काम नाही. खाली सात पेडलं असतात, एकेका सुराचं एक. जॅझमध्ये सूर सारखे बदलतात, म्हणून तिचे पाय हातांपेक्षा जास्त चालायचे. वरून बघावं तर देवदूत बसल्यासारखी शांत, आणि झग्याखाली शिवणयंत्र. ती म्हणायची, "जगात कुणी हार्पवर जॅझ वाजवत नाही, मार्थे. मी एकटी." ऐकणारेही जवळपास तेवढेच होते. हॉटेलात चहाच्या वेळी वाजवायला बोलवायचे आणि सांगायचे, बाई, हळू वाजवा, लोकांना बोलता येत नाही. पुढे सिनेमातली स्वप्नं कमी झाली. ताई चाळिशी ओलांडून गेली. लग्न नाही, घर नाही, एका पारशी बाईकडे पेइंग गेस्ट. एवढं करून मिळवलं काय, असं मी एकदा रागात विचारलं होतं.

आणि मग तो जर्मन साहेब आला. देशोदेशी हिंडून जॅझच्या रेकॉर्डी काढणारा. लॉरी मास्तरांच्या ओळखीने त्याने ताईला एका चर्चच्या हॉलमध्ये ऐकलं आणि म्हणाला, फेब्रुवारीत परत येतो, तुमच्या स्वतःच्या चार रचना घेऊ. रेकॉर्ड तुमच्या नावाची. ती चालली तर तिकडे कार्यक्रम. ताईने मला दवाखान्यात ट्रंककॉल केला होता. फोनवर ती रडत होती आणि मी वॉर्डातल्या सगळ्या पेशंटना सांगत सुटले होते. त्यानंतर महिन्याभरात मालडब्यातून उतरवताना हमालांच्या हातून हार्प निसटली, खालच्या पेटीला तडा गेला. मुंबईत त्या वाद्याला हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून ताईने ती मिरजेला आणली.

म्हणून म्हणते, टेंपोत ती गप्प बसली हे मला अघटित वाटलं. घरी आल्यावर मी नर्सच्या सवयीने तिची नाडी बघितली. वाटलं धक्का बसलाय, नाडी धावत असेल. नाडी अगदी शांत होती.

"झोप हवी का? गोळी देऊ?"

"मला लागेल झोप," ती म्हणाली. आणि तिला लागलीही.

मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर मुंबईला गेले. अशा वेळी तिला एकटीला सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

लॉरी मास्तरांनी माहीमच्या घरी हार्प बघितली आणि लोंबत्या तारा मुठीत धरल्या. "हे काय केलं, डॉर्कस? कोणी केलं हे?"

"चढवते मी," ताई म्हणाली.

"चढवते? अगं, ही ठरणार कधी? साहेब रविवारी निघाला!"

"चढवते म्हटलं ना."

दोन दिवस ती किल्ली घेऊन हार्पला चिकटून होती. वरून सुरुवात करायची, खालपर्यंत यायचं, तोवर वरच्या पुन्हा उतरलेल्या. वरच्या बारीक तारा फटाफट तुटल्या, तिने दुसऱ्या घातल्या. पियानोवर लॉरी मास्तर एकेक सूर दाबून धरत होते, कपाळाला आठ्या. मी चहा करत होते, कारण दुसरं काय करणार? मनातल्या मनात नबीचाचांना शिव्या घालत होते. देवा, मला क्षमा कर, पण मी त्या म्हाताऱ्याच्या हातांना नावं ठेवली.

शनिवारी सकाळी ताडदेवला स्टुडिओत गेलो. साहेब उंच, सडपातळ, फार सभ्य. मला "सिस्टर" म्हणाला, मी नर्स आहे हे कळल्यावर जास्तच आदराने. काचेपलीकडे जाऊन बसला. ताईने मोरपंखी साडी नेसली होती. ती हार्पच्या मागे बसली, खांदा लाकडाला टेकवला, आणि सुरू केलं.

पहिल्या काही ओळी मी कशा ऐकल्या ते मलाच ठाऊक. मी रडायला लागले होते, ती इतकी सुंदर दिसत होती. मग काहीतरी कडवट व्हायला लागलं. मला सुरातलं कळत नाही, पण दूध नासायला लागलं की वासाने कळतं ना, तसं. पियानो एक सांगत होता, हार्प दुसरंच. लॉरी मास्तरांनी मान खाली घातली. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. काचेपलीकडून साहेबाने हात वर केला.

पुन्हा सूर लावले. पुन्हा सुरुवात. पुन्हा हात वर. असं दुपारपर्यंत चाललं. कुणी आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त त्रास झाला. शेवटी साहेब बाहेर आला, ताईच्या समोर उकिडवा बसला आणि इंग्रजीत हळूच म्हणाला, "मॅडम, या तारा अलीकडे सोडलेल्या दिसतात. कोणी सोडल्या?"

"मी," ताई म्हणाली.

साहेब तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही? का?"

ताईने खांदे उडवले. साहेबाच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं, ते मी बघितलं. ज्या माणसाला स्वतःच्या वाद्याची कदर नाही त्याच्याशी पुढे काय बोलायचं, असं काहीतरी. तो उठला. "पुढल्या वेळी बघू," म्हणाला. ती पुढली वेळ काही आली नाही.

लॉरी मास्तर मात्र संतापले. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "कशाला खोटं बोलते? तो मिरजेचा सतारवाला ना? त्यानेच केलं ना हे?"

ताई काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याचा लॉरी मास्तरांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला. मीही तोच घेतला. मला तर तिचा अभिमान वाटला. एका म्हाताऱ्याला वाचवायला तिने स्वतःचं नाव पुढे केलं, केवढं मोठं मन!

दिवस भरलेला होता, स्टुडिओचं भाडं भरलेलं होतं, म्हणून साहेबाने लॉरी मास्तरांच्याच तीन धुना घेतल्या, हार्पशिवाय. ताई कोपऱ्यात लोखंडी खुर्चीवर बसून ऐकत होती. माझी नजर तिच्या पायांकडे गेली. चपला काढून ठेवल्या होत्या, आणि पाय फरशीवर सरकत होते, दाबत होते, उचलत होते. तिथे पेडलं नव्हती. सगळी धून होईपर्यंत पाय चालू होते. मग तिने चपला घातल्या आणि मला म्हणाली, "भूक लागलीय गं." इराण्याकडे जाऊन तिने खिमा-पाव मागवला आणि पोटभर खाल्ला. मला वाटलं, धक्क्याने माणसं असंही करतात. वॉर्डात बघितलेलं होतं.

मिरजेला परत आलो, हार्प उतरवून घेतली, आणि माझा तोल गेला. मी पदर खोचला, चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" ताईने विचारलं.

"सतारमेकर गल्लीत. त्या माणसाला कळू दे तरी काय करून ठेवलंय ते. तू नाही सांगणार तर मी सांगते."

"मार्थे, थांब."

"नाही थांबणार. उद्या दुसऱ्या कुणाचं असंच करतील!"

"त्यांनी नाही केलं. मीच सांगितलं होतं."

"पुरे झाला तुझा मोठेपणा. साहेबापुढे केलास तेवढा बास."

"मार्थे, ऐक." ती कॉटवर बसली. "हार्प टाकायला गेलो तेव्हा नको म्हटलं, ते खरं. मग गेल्या सोमवारी तू ड्यूटीवर होतीस, तेव्हा मी एकटी गेले. म्हटलं, चाचा, तारा उतरवून ठेवा. तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. ते खूश झाले."

मला काही कळेचना. माझ्या पायात एकच चप्पल होती, दुसरी कुठे गेली ते बघायचंही सुचलं नाही. "का?" एवढंच मी विचारलं.

तिने कॉटखालची ट्रंक ओढली आणि कपड्यांच्या तळातून एक रेकॉर्ड काढली. मोठी, परदेशी. वेष्टनावर एक काळी बाई हार्पला टेकून बसलेली. मी ती बाई कधी बघितली नव्हती, तिचं नावही वाचता आलं नाही.

"साहेबाने जानेवारीत पाठवली. कौतुकाने पाठवली. म्हणाला, तुमची थोरली बहीण ऐका." ताई हसली. तसलं हसू परत कुणाच्या तोंडावर बघायला मिळू नये. "वीस वर्षांपूर्वीची आहे, मार्थे. मी तेव्हा स्वप्नांचं झुर्रर करत होते. जे मी आयुष्यभर शोधत बसले ना, पेडलं कशी टाकायची, कुठला सूर कुठल्या पायाने चोरायचा, ते सगळं या बाईने तेव्हाच करून टाकलंय. आणि माझ्याहून बरं. खूप बरं."

"अगं, पण म्हणून काय झालं? तूही वाजवलं असतंस. जगात एकच पेटीवाला असतो का? एकच तबलजी असतो?"

"वाजवलं असतं तर ते राहिलं असतं." ती रेकॉर्ड मांडीवर घेऊन बसली होती. "लोकांनी हे एकदा लावलं असतं, ते एकदा लावलं असतं. आणि म्हटलं असतं, हां, बरी आहे मुंबईची बाई. बरी आहे! एवढ्यासाठी मी लग्न केलं नाही? एवढ्यासाठी आई गेली तेव्हा मी स्टुडिओत होते?"

"मग साहेबाला सरळ नाही म्हणायचं होतंस."

"ते जमलं नाही. आता लॉरी सगळ्यांना सांगेल, हार्पने दगा दिला, नाहीतर डॉर्कस कुठल्या कुठे गेली असती. तेवढं 'नाहीतर' मला हवं होतं, मार्थे. तेवढं तरी."

मी तिच्याशेजारी बसले. तिला जवळ घ्यावं असं वाटलं आणि एक थोबाडीत द्यावी असंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. माझी इतकी हुशार बहीण, आणि तिने तिच्या आयुष्यातला एकमेव शनिवार आपल्याच हाताने मारून टाकला होता. त्याचा मला राग होता, आणि आजही आहे.

ताईला हवं होतं ते मिळालं. लॉरी मास्तरांनी तिचं "नाहीतर" मुंबईभर पोचवलं. मात्र त्याबरोबर दुसरंही पोचलं, की मिरजेच्या एका सतारवाल्याने अडाणीपणाने तिची हार्प बिघडवली. नावही पोचलं. मी लॉरी मास्तरांना फोन करून खरं काय ते सांगितलं, ताईला न विचारता. ते म्हणाले, "मार्था, तुम्ही दोघी बहिणी देवमाणसं आहात. पण म्हाताऱ्याला वाचवायला किती खोटं बोलाल?" मी परत परत सांगितलं. मी जितकं सांगावं तितका त्यांना माझा मोठेपणा जास्त दिसायला लागला. शेवटी मीच फोन ठेवला.

नबीचाचांकडे मुंबईहून दुरुस्तीला तंबोरे यायचे, ते हळूहळू यायचे बंद झाले. ताईला हे ठाऊक होतं. ती मिरजेलाच राहिली होती, मिशनच्या देवळात बाजाची पेटी वाजवायची, संध्याकाळी मुलांना गीतं शिकवायची. हार्प आतल्या खोलीत चादरीखाली. मी रोज तिला म्हणायची, "जा, चाचांना सांग. मुंबईला सांग." ती म्हणायची, "सांगते." रोज म्हणायची.

एका रविवारी उपासनेनंतर नबीचाचाच आमच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, टोपी, ईदेला घालायचे ते कपडे. आत या म्हटलं तर आले, पण खुर्चीवर बसेनात.

"बेटी," ते ताईला म्हणाले, "मुंबईचा व्यापारी आल्ता काल. आपला तंबोरे नेणारा. त्यानं सांगितलं मला. माझ्या हातनं तुझी जिंदगी गेली म्हणून."

ताई जागची हलली नाही.

"मला कुणी बोललं नाही, बघ. तू मुंबईस्नं आलीस, भेटून गेलीस, हसून बोललीस. मला काय म्हाईत?" त्यांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. "तू सांगितलं होतंस, तारा उतरवा, खरं हाय. पण तू पोर. जाणता मी. आधी नको म्हणालीस आणि मग हो म्हणालीस. मी विचाराय पाहिजे होतं, का गं बाई, आधी नको का म्हणालीस? नाही विचारलं. मला वाटलं, आपलं म्हणणं पटलं हिला. बरं वाटलं मला. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतंय असं कुणी ऐकलं की." त्यांनी हात जोडले. "मला माफ कर, बेटी."

मी ताईकडे बघितलं. आता तरी, असं मला वाटलं. आता तरी ती उठेल, त्यांचे ते जोडलेले हात सोडवेल, ट्रंक ओढेल, सगळं सांगेल. तिचे ओठ हलले.

"असू द्या, चाचा," ती म्हणाली. "झालं ते झालं. मी मनात काही ठेवलेलं नाही."

"ताई!" मी ओरडलेच. "चाचा, तुमची काहीसुद्धा चूक नाही. हिलाच वाजवायचं नव्हतं. हिने मुद्दाम उतरवायला लावल्या. विचारा तिला!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याबद्दल नुसती माया होती.

"तुझा बाप असाच होता, मार्था," ते म्हणाले. "दुसऱ्याचा दोष आपल्या घरावर ओढून घेणारा." मग ते ताईजवळ गेले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने मान खाली घातली आणि तो हात तसाच राहू दिला.